सतरंजीएवढी जागा, पंधरा मिनिटं

मुलांनो, सूर्यनमस्कार माहीत नाहीत असं तुमच्यात कुणी सापडायचं नाही. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर रांगेत उभं राहून तुम्ही ते घातलेले असतात. २०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन साजरा होतो, त्या दिवशीही घालता. त्या दिवशी बाई आकडे म्हणतात, मुलं वाकतात, फोटो निघतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात. आणि मग?

वर्गात मी हाच प्रश्न विचारते, "घरी रोज कोण करतं?" चाळीस मुलांत चार हात वर येतात. त्यातल्या दोघांचं म्हणणं असतं, "बाई, मी नाही, आजी करते!"

बाकीच्यांची उत्तरं मला आता पाठ झाली आहेत. पहिलं उत्तर, "घरी जागा नाही." दुसरं, "सकाळी वेळ नसतो." तिसरं उत्तर मात्र कुणी मोठ्याने देत नाही. मधल्या सुट्टीत टेबलाजवळ येऊन हळूच सांगतात, "बाई, मला जमतच नाही. सगळे हसतात."

आज आपण या तिन्ही उत्तरांचा विचार करू. तिसऱ्याचा जरा जास्तच.

आधी एक प्रयोग

आज रात्री झोपण्यापूर्वी अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहा. डोक्यावर एक पुस्तक आडवं धरायला सांगा आणि पुस्तकाच्या खालच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने बारीक खूण करून घ्या. (आईला आधी विचारा बरं का, नाहीतर भिंत खराब केली म्हणून बोलणी खाल!) सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, त्याच जागी, तशीच दुसरी खूण करा.

सकाळची खूण बहुधा थोडी वर येईल. कुणाची अर्धा सेंटिमीटर, कुणाची जवळजवळ एक सेंटिमीटर. एका रात्रीत तुम्ही वाढलात का? तसं नाही. आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांची माळ असते आणि दोन मणक्यांच्या मध्ये एकेक मऊ गादी असते. दिवसभर उभं राहून, चालून, दप्तर वाहून त्या गाद्या दाबल्या जातात आणि त्यांतलं थोडं पाणी बाहेर जातं. रात्री आपण आडवे झालो की त्या पाणी शोषून पुन्हा फुगतात. म्हणून सकाळी आपण किंचित उंच असतो.

सूर्यनमस्काराशी याचा संबंध काय? फुगलेल्या गाद्यांमुळे सकाळी पाठ ताठर असते. डोळे उघडले आणि लगेच पायाचे अंगठे धरायला वाकलं, तर पाठीवर विनाकारण ताण येतो. म्हणून उठल्यावर आधी दात घासा, शौचाला जाऊन या, घोटभर पाणी प्या, अंथरूण आवरा. तेवढ्या वेळात शरीर जागं होतं. मग व्यायाम.

जागा किती लागते?

तुम्ही हात वर करून झोपलात तर जेवढी जागा व्यापाल, तेवढी. म्हणजे एका सतरंजीची. एका खोलीचं घर असलं तरी अंथरुणं आवरल्यावर तेवढी जागा निघते. दोन भावंडं असाल तर पाळी लावा. एकाने करायचं, दुसऱ्याने आकडे म्हणायचे.

सतरंजी फरशीवर घसरत असेल तर खाली जुनं गोणपाट घाला. गादीवर किंवा पलंगावर मात्र करू नका, हात आणि पाय रुततात आणि मनगट मुरगळतं. पंखा मोठा ठेवू नका, खिडकी उघडा. कपडे सैल असावेत. पोट रिकामं हवं. दुपारच्या शाळेची मुलं उशिरा करत असतील, तर पोटभर जेवणानंतर किमान तीन तास जाऊ द्यावेत.

वेळ किती लागतो?

पंधरा मिनिटं. त्यांची वाटणी अशी करता येईल:

मान, खांदे, मनगटं, घोटे सैल करणं – ३ मिनिटं
ताडासन आणि वृक्षासन – २ मिनिटं
सूर्यनमस्कार – ५ मिनिटं
शवासन – ३ मिनिटं
शांत बसून लांब श्वास – २ मिनिटं

सुरुवातीला मान सावकाश डावीकडे, उजवीकडे वळवा. खांदे पुढून मागे फिरवा. मनगटं आणि घोटे दोन्ही दिशांनी फिरवा. ताडासनात दोन्ही हात वर ताणून टाचा उचलायच्या आणि पाच आकडे चवड्यांवर उभं राहायचं. वृक्षासनात एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा तळवा मांडीच्या आतल्या बाजूला लावायचा. तोल जात असेल तर पोटरीला लावा, गुडघ्यावर मात्र दाबू नका. समोर भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत राहिलात तर तोल लवकर सापडतो. डोळे मिटून पाहा बरं, लगेच डुलायला लागाल. तोल सांभाळायला कान आणि पाय यांच्याबरोबर डोळेही मदत करत असतात, हे त्यावरून कळतं.

आता नमस्कार

१. प्रणामासन. पाय जुळवून ताठ उभे राहा. हात छातीशी जोडा. श्वास नेहमीसारखा.

२. हस्त उत्तानासन. श्वास घेत हात वर न्या, छाती उघडा आणि किंचित मागे झुका. कमरेतून मोडायचं नाही.

३. उत्तानासन. श्वास सोडत पुढे वाका. हात पायांजवळ टेकवा. टेकत नसतील तर गुडघे वाकवा.

४. एकपाद प्रसरणासन. श्वास घेत उजवा पाय मागे न्या, गुडघा जमिनीला टेकवा, नजर समोर.

५. द्विपाद प्रसरणासन. श्वास सोडत डावा पायही मागे. डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर फळीसारखं सरळ.

६. साष्टांग प्रणिपातासन. गुडघे, छाती आणि हनुवटी जमिनीला लावा. पोट उचललेलं. दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि हनुवटी, अशी आठ अंगं टेकतात म्हणून हे नाव.

७. भुजंगासन. श्वास घेत छाती वर उचला. कोपरं थोडी वाकलेली, खांदे कानांपासून दूर.

८. पर्वतासन. श्वास सोडत कंबर वर उचला. शरीराचा डोंगर झाला पाहिजे. टाचा जमिनीला टेकल्या नाहीत तरी चालेल.

९. पुन्हा एकपाद प्रसरणासन. श्वास घेत उजवा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणा.

१०. उत्तानासन. श्वास सोडत डावा पायही पुढे.

११. हस्त उत्तानासन. श्वास घेत वर या.

१२. प्रणामासन. श्वास सोडत हात छातीशी.

हा एक नमस्कार झाला. पुढच्या वेळी डावा पाय आधी मागे न्यायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा व्यायाम होतो. काही शाळांत दहा अंकांचा नमस्कार शिकवतात. त्यात फार मोठा फरक नाही, मोजण्याची पद्धत थोडी वेगळी एवढंच. तुमच्या शाळेत जी पद्धत असेल तीच घरीही ठेवा.

श्वास पाठ करू नका

"कोणत्या अंकाला श्वास घ्यायचा आणि कोणत्या अंकाला सोडायचा, हे लक्षातच राहत नाही," अशी तक्रार पुष्कळ मुलं करतात. पाठ करायची गरजच नाही. आपल्या छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला की फुप्फुसात हवा येते, वर आला की हवा बाहेर जाते. आपण पुढे वाकलो की पोट दाबलं जातं, पडदा वर ढकलला जातो, म्हणून तेव्हा श्वास सोडायचा. छाती उघडली की हवेला जागा होते, म्हणून तेव्हा घ्यायचा. वाकताना सोडा, उघडताना घ्या. झालं! पाचव्या आणि सहाव्या अंकाला गोंधळ झाला तर खुशाल नेहमीसारखा श्वास चालू ठेवा. मुलांनी श्वास कोंडून धरण्याचे प्रकार स्वतःच्या मनाने करू नयेत.

श्वासाला धरून केलेला एक नमस्कार साधारण अर्ध्या ते पाऊण मिनिटाचा होतो. धापा टाकत केलेला दहा सेकंदांत उरकतो. पाच मिनिटांत तीस घातले म्हणून शाबासकी मिळवणाऱ्या मुलांचे नमस्कार नीट पाहिले, तर पाचवा, सहावा आणि सातवा अंक त्यांत बहुतेक गायब असतो!

जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. तिसऱ्या अंकाला तिचे हात गुडघ्यांच्या खाली जात नसत. मागच्या रांगेतली मुलं खुसुखुसू हसायची. हळूहळू कवायतीच्या तासाला तिचं पोट दुखायला लागलं. दर बुधवारी आणि दर शनिवारी. पोट खरंच दुखत नव्हतं, हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

तिची आजी एकदा शाळेत आली. तिला हे सांगितल्यावर ती हसून म्हणाली, "अगं बाई, माझे तरी हात कुठे पोचतात? चल, आपण दोघी मिळून करू." आजी जमिनीवर बसू शकत नव्हती. तिने खुर्चीच्या पाठीला धरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकायला सुरुवात केली. नात शेजारी सतरंजीवर. रोज दोन नमस्कार, तेही गुडघे वाकवून. घरात मोजणारं, हसणारं कुणी नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचे हात जमिनीला टेकले का? नाही. घोट्यांच्या चार बोटं वर राहिले. पण बुधवारचं पोट दुखणं थांबलं. ती रांगेत उभी राहिली, गुडघे वाकवले आणि सावकाश आपले नमस्कार पुरे केले. कुणीतरी हसलं, तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष श्वासाकडे होतं.

मुलांनो, हात टेकत नाहीत याचं कारण साधं आहे. मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू आखडलेले असतात. आपण तासन्‌तास बाकावर बसतो, घरी येऊन टीव्ही किंवा मोबाइलपुढे बसतो. त्या स्नायूंना ताणण्याची सवयच उरत नाही. त्यात प्रत्येकाचे हात, पाय आणि धड यांची लांबी वेगळी. म्हणून शेजाऱ्याचे हात कुठवर गेले ते पाहून काही उपयोग नाही. आपले हात मागच्या महिन्यात कुठे होते आणि आज कुठे आहेत, एवढंच पाहायचं. हिसके देऊन ते वाढत नाहीत, उलट स्नायू दुखावतो. ताण जाणवला पाहिजे, पण दुखता कामा नये. दुखलं की तिथेच थांबायचं.

औंधचे राजे आणि लोणावळ्याचे स्वामी

सातारा जिल्ह्यात औंध नावाचं गाव आहे. (पुण्यातलं औंध वेगळं बरं का!) पूर्वी ते एका लहानशा संस्थानाचं मुख्य ठिकाण होतं. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक होते. त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले आणि त्यांवर पुस्तकं लिहिली. त्यांच्या पद्धतीत नमस्काराचे दहा अंक होते. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याच्या नावातही 'दहा' हा शब्द आहे. पण मला त्यांची एक गोष्ट सगळ्यांत आवडते. राजेसाहेब स्वतः वर्षानुवर्षं रोज नमस्कार घालत. आधी स्वतः, मग इतरांना सांगणं.

त्याच काळात, १९२४ साली, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात नेमकं काय घडतं, हे क्ष-किरण आणि रक्तदाब मोजण्याची साधनं वापरून तपासायला त्यांनी सुरुवात केली. आजोबा सांगतात म्हणून करा, एवढ्यावर ते थांबले नाहीत. तपासून पाहा, असं ते म्हणत. तुम्ही भिंतीवर केलेली पेन्सिलीची खूण हा त्याच वाटेवरचा एक छोटासा प्रयोग समजा.

किती घालायचे?

पहिल्या आठवड्यात रोज २. दुसऱ्या आठवड्यात ४. तिसऱ्या आठवड्यापासून ६. शाळेच्या दिवशी सहा पुरेत. रविवारी वेळ असेल आणि अंग हलकं वाटत असेल तर १२ घाला.

बारा नमस्कारांना सूर्याची बारा नावं म्हणण्याची जुनी रीत आहे: मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क आणि भास्कर. खग म्हणजे आकाशात फिरणारा, म्हणून पक्ष्यालाही खग म्हणतात. पूषन् म्हणजे पोषण करणारा. मित्र तर तुम्हाला माहीतच आहे! नावं म्हटली की मोजणीही होते आणि शब्दही पाठ होतात. ज्यांना नावं म्हणायची नसतील त्यांनी एक, दोन, तीन म्हणावं. व्यायामात काही फरक पडत नाही.

एखादा दिवस चुकला तर? दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून भरपाई करू नका. सहाच घाला.

ताप, जुलाब, दुखापत असेल तर सुट्टी घ्या. बरं वाटल्यावर पुन्हा दोनपासून सुरुवात करा. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स किंवा हाडांचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मोठ्या मुलींनी पाळीच्या दिवसांत आपल्याला बरं वाटेल तेवढंच करावं, नुसतं शवासन केलं तरी चालेल. आणि शीर्षासनासारखी अवघड आसनं फोटो पाहून घरी एकट्याने करायची नाहीत. म्हणजे नाहीत!

शवासन म्हणजे झोप काढणं नव्हे

नमस्कार संपल्यावर पाठीवर झोपा. पाय थोडे फाकलेले, तळहात वर, डोळे मिटलेले. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक अवयव सैल सोडा. पोटावर हलकी वही ठेवलीत तर श्वासाबरोबर ती वर-खाली होताना जाणवेल. मग उठून मांडी घालून बसा आणि दहा लांब श्वास मोजा. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून ती तो गाळतात. पण परीक्षेच्या आधी छातीत धडधड होते ना, तेव्हा हेच दहा श्वास कामाला येतात. बाकावर बसल्या बसल्या, कुणाला न कळता.

पालकहो, थोडं तुमच्यासाठी

पहिली विनंती. नमस्कार ही शिक्षा करू नका. "खोटं बोललास? घाल वीस नमस्कार!" असं एकदा झालं की मुलाच्या मनात नमस्कार आणि अपमान यांची गाठ बसते. ती सोडवायला फार वर्षं लागतात.

दुसरी. शेजारच्या मुलाचा आकडा सांगू नका. ज्याचे हात टेकत नाहीत, त्याला ते आधीच माहीत असतं.

तिसरी. रात्रीचा टीव्ही आणि मोबाइल वेळेवर बंद झाला तरच सकाळची पंधरा मिनिटं मिळतात. शाळकरी मुलाला नऊ तासांच्या आसपास झोप हवी. झोप तोडून व्यायाम नको.

आणि चौथी विनंती सगळ्यांत महत्त्वाची. शेजारी दुसरी सतरंजी घाला. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या. रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, झेपेल तेवढंच करा. आपल्याला न जमणारी गोष्ट आई-बाबा रोज थोडी थोडी करून पाहतात, हे मुलाला दिसू द्या. चहाचा कप हातात घेऊन "अजून दोन घाल" म्हणणाऱ्याचं मूल फार दिवस ऐकत नाही.

तुमच्यासाठी काम

वहीच्या मागच्या पानावर तीस चौकटी आखा. ज्या दिवशी पंधरा मिनिटं केलीत, त्या चौकटीत छोटा सूर्य काढा. चुकलेल्या दिवशी चौकट रिकामी ठेवा, त्यात फुली मारू नका. पहिल्या आणि तिसाव्या दिवशी दोन गोष्टी लिहून ठेवा: वाकल्यावर हात कुठवर गेले, आणि शवासनानंतर एका मिनिटात किती श्वास झाले. मोठ्या माणसांचे आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० होतात, मुलांचे थोडे जास्त. तुमचे किती, ते तुम्हीच मोजा.

वही कुणाला दाखवायची सक्ती नाही. उद्या सकाळी दोनच नमस्कार घालायचे आहेत. गुडघे वाकले तरी चालतील.